नेतृत्वशैलींचा तो तक्ता आणि आयोवातली वीस मुलं

व्यवस्थापनशास्त्राचं कुठलंही पाठ्यपुस्तक घ्या आणि नेतृत्वाचं प्रकरण उघडा. तीन रकान्यांचा एक तक्ता हमखास सापडेल. हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त, म्हणजे लेसे-फेअर. प्रत्येक रकान्यात फायदे, तोटे आणि ‘कुठे वापरावी’ याची एकेक ओळ. नेटच्या तयारीत तो पाठ होतो, मग सिनॉप्सिसमध्ये येतो, तिथून थिसिसच्या दुसऱ्या प्रकरणात जातो. चौथ्या प्रकरणात दीडशे-दोनशे कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेली, पाच पर्यायांची प्रश्नावली असते. आणि शेवटी निष्कर्ष: लोकशाही शैलीचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीशी सकारात्मक संबंध आढळला.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी. पण पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये रिसर्च मेथडॉलॉजीच्या वर्गात सगळे विषय एकत्र असतात, त्यामुळे व्यवस्थापनवाल्यांचे सिनॉप्सिस ऐकायला मिळतात. तेव्हापासून हा तक्ता कुठून आला आणि तो किती भार पेलू शकतो, हे शोधायची मला खोड लागली. आजची पोस्ट त्याबद्दल. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. नेतृत्वशैलींची तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत शैली मोजलेलीच नसते. मोजलेलं असतं ते साहेबाबद्दलचं मत. आणि मत कशावरून बनतं याचे प्रयोग झालेले आहेत, त्यांचे निकाल फारसे सुखद नाहीत.

आधी मूळ पेपर. १९३९ साल, ‘जर्नल ऑफ सोशल सायकॉलॉजी’, लेखक कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट. काम झालं ते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात. पेपरच्या शीर्षकात नेतृत्व हा शब्द नाही, उत्पादकता तर नाहीच. शीर्षक आहे ते प्रयोगातून निर्माण केलेल्या ‘सामाजिक हवामानां’मधल्या आक्रमक वर्तनाबद्दल. म्हणजे लेखकांना हे बघायचं होतं की मोठ्या माणसाने गट कसा चालवला तर मुलं एकमेकांशी किती भांडतात. कुणी किती माल काढला, हा त्यांचा मुख्य प्रश्न नव्हता.

मुलं दहा वर्षांची. पाच-पाच जणांचे चार क्लब, एकूण वीस मुलगे. शाळा सुटल्यावर जमायचं आणि मुखवटे बनवायचे, भित्तिचित्रं काढायची, साबणात कोरीवकाम करायचं, विमानांची मॉडेल्स जोडायची. सहा आठवड्यांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि दर फेरीला क्लबला नवा मोठा माणूस मिळाला. चार मोठी माणसं होती आणि त्यांना वेगवेगळ्या शैली वठवायला शिकवलं होतं. निरीक्षक बाजूला बसून मिनिटामिनिटाला नोंदी करत होते. त्या काळात एवढ्या बारकाईने गटाचं वर्तन टिपणं हीच मोठी गोष्ट होती, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. प्रत्येक क्लबला वेगवेगळे नेते मिळणं हेही चांगलं डिझाइन आहे, कारण एकाच मुलांच्या गटाची तुलना त्याच गटाशी करता येते. आजच्या कित्येक प्रश्नावली-अभ्यासांत एवढंही नसतं.

आता ‘हुकूमशाही’ म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं ते बघा. काम काय करायचं ते नेता ठरवणार. एका वेळी एकच पायरी सांगणार, त्यामुळे पुढे काय आहे ते मुलांना कळणार नाही. कोणी कोणाबरोबर काम करायचं तेही तोच ठरवणार. कौतुक आणि टीका व्यक्तीवर करणार. आणि स्वतः कामात हात घालणार नाही, अलिप्त राहणार. ‘लोकशाही’त यातली प्रत्येक गोष्ट उलटी: चर्चा करून निर्णय, कामाचा पूर्ण आराखडा आधीच समोर, जोडीदार आपापला निवडायचा, कौतुक-टीका कामावर.

एका वेळी पाच बटणं फिरवली! प्रयोगशाळेत तापमान, पीएच, उत्प्रेरक, ढवळण्याचा वेग आणि द्रावक एकदम बदलून ‘पद्धत ब चांगली’ असं मी लिहून आणलं, तर माझे गाईड वही परत माझ्याकडे सरकवतील. मुलांच्या वागण्यातला फरक निर्णयात भाग घेतल्याने पडला, की पुढच्या पायऱ्या माहीत असल्याने, की आवडत्या मित्राशेजारी बसायला मिळाल्याने? पेपरवरून हे सांगता येत नाही. आणि व्यवसायात हा फरक फार महत्त्वाचा आहे. कामगारांना महिन्याचं प्लॅनिंग फळ्यावर लिहून दाखवणं आणि कामगारांना प्लॅनिंगमध्ये मत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अर्धा तास पुरतो. दुसरीसाठी मालकाला अधिकार सोडावा लागतो. तक्त्यात मात्र दोन्ही ‘लोकशाही’ याच एका शब्दाखाली गडप होतात.

तिसऱ्या रकान्याची गोष्ट तर और आहे. मूळ बेतात दोनच शैली होत्या. राल्फ व्हाइट ‘लोकशाही’ नेता म्हणून क्लब चालवत होते, पण फारच मागे राहून, मुलांना जवळपास मोकळं सोडून. लेविनच्या लक्षात आलं की इथे काहीतरी वेगळंच घडतंय, लोकशाहीचा हा नमुना नाही. मग त्याला वेगळं नाव देण्यात आलं: लेसे-फेअर. प्रयोगात अनपेक्षित काही दिसलं तर ते फेकून न देता त्याला जागा करून देणं, हे उत्तम शास्त्रज्ञाचं लक्षण. पण म्हणून जगातले सगळे नेते याच तीन खणांत बसतात असं होत नाही. आपल्याकडे मात्र परीक्षेत ‘नेतृत्वाचे प्रकार तीन आहेत’ असं लिहिलं जातं, द्रव्याच्या अवस्था तीन आहेत त्याच सुरात.

निकालही पाठ्यपुस्तकात असतात तितके सरळ नाहीत. आधीच्या लहान प्रयोगात हुकूमशाही गटात शत्रुत्वाचं वर्तन लोकशाही गटाच्या तीसपट दिसलं होतं. पण या दुसऱ्या, मोठ्या प्रयोगात हुकूमशाहीच्या पाच फेऱ्यांपैकी एकीतच मुलं आक्रमक झाली. उरलेल्या चारांत ती अगदी गप्प, मलूल होती. तीच ‘शैली’, दोन उलटे परिणाम. नेता खोलीबाहेर गेला की मात्र त्या गप्प मुलांचा नूर बदलायचा. वीसपैकी एकोणीस मुलांना लोकशाही नेता हुकूमशाही नेत्यापेक्षा जास्त आवडला. जो एक उरला तो लष्करी अधिकाऱ्याचा मुलगा होता. ही नोंद लेखकांनी स्वतः केली आहे, आणि मला ती अख्ख्या पेपरातली सर्वांत मोलाची ओळ वाटते. शैली नुसती नेत्यात नसते, समोरचा कुठून आलाय त्यावरही ती कशी लागू पडते हे ठरतं, हा सगळा पुढचा वाद त्या एका मुलात आहे.

कामाचं म्हणाल तर व्हाइट आणि लिपिट यांनी पुढे १९६० मध्ये ‘ऑटोक्रसी अँड डेमोक्रसी’ नावाच्या पुस्तकात आकडे मांडले. दबून वागणाऱ्या हुकूमशाही गटांत, नेता समोर असताना ७४ टक्के वेळ कामात जात होता. लोकशाहीत ५० टक्के. लेसे-फेअरमध्ये ३३. नेता बाहेर गेला की हुकूमशाहीतला आकडा २९ वर यायचा आणि लोकशाहीतला ४६ वर राहायचा. हे आकडे वहीत लिहून ठेवा. ‘लोकशाही शैलीने उत्पादन वाढतं’ असं म्हणायचं असेल तर पहिली जोडी तुमच्या विरुद्ध आहे. आणि ‘हुकूमशाहीनेच काम होतं’ म्हणणाऱ्याच्या विरुद्ध दुसरी. तक्त्यात यातलं काहीच येत नाही.

पेपर कधी लिहिला गेला तेही विसरू नका. लेविन ज्यू होते, बर्लिनमध्ये काम करत होते आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांनी जर्मनी सोडली. त्यांची आई पुढे नाझींच्या छळछावणीत मारली गेली. ‘हुकूमशाही’ आणि ‘लोकशाही’ हे शब्द त्यांनी कारखान्याच्या सोयीसाठी निवडलेले नाहीत. ते त्यांच्या आयुष्यातून आले होते. लोकशाहीच चांगली ठरावी अशी त्यांची इच्छा असणार, आणि त्यात वावगं काही नाही. पण ज्या शब्दांतच चांगलं-वाईट आधी ठरलेलं आहे त्या शब्दांनी प्रश्नावली बनवली की उत्तर देणाऱ्यालाही ‘बरोबर’ उत्तर आधीच कळतं. तुमचे साहेब हुकूमशहा आहेत का, असं कंपनीतच, साहेबाच्या परवानगीने वाटलेल्या फॉर्मवर विचारलं तर कोण काय लिहील?

इथे कुणी म्हणेल, ते अमेरिकेतलं, आपल्याकडचं वेगळं असणार. बरोबर, आणि ते तपासलंही गेलंय. रॉबर्ट मीड यांनी लेविनचाच प्रयोग उत्तर भारतातल्या मुलांवर करून १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे हुकूमशाही नेत्याच्या गटांत हजेरी, काम आणि मुलांची पसंती, सगळंच सरस निघालं. अगदी उलट. पुढे पाटण्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी ‘नर्चरंट टास्क लीडर’ ही कल्पना मांडली. १९८० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. हा नेता माया करतो, पण ती माया कामावर अवलंबून असते. काम केलंस तर मी तुझ्या पाठीशी. आणि हाताखालचा माणूस तयार होत जाईल तसा तो हळूहळू सूत्रं सोडत जातो, सहभागी पद्धतीकडे सरकतो. आपल्याकडचा जुना फोरमन किंवा तालमीतला वस्ताद आठवला ना? तिघांतल्या कुठल्या रकान्यात त्याला टाकाल?

सिन्हांच्या कामातली मला पटलेली गोष्ट अशी की त्यांनी शैलीला काळाचा अक्ष दिला. तोच माणूस पहिल्या वर्षी हुकमी आणि चौथ्या वर्षी मोकळा असू शकतो, कारण समोरचा बदलला. मग एकदाच, एका दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत तुम्ही जे पकडता ते शैली आहे की त्या नात्याचं वय? भारतीय थिसिसांत सिन्हांचं नाव येतं तेव्हा बहुतेक वेळा ‘भारतीय विचारवंत’ या उपशीर्षकाखाली एक परिच्छेद म्हणून येतं, आणि विश्लेषण पुन्हा त्याच तीन खणांत होतं. सिन्हांचं म्हणणं खरं मानलं तर तुमचं डिझाइन बदलावं लागेल, हे कुणी लक्षातच घेत नाही.

मुलांच्या क्लबवरून गाडी कारखान्यात आली ती लेविनच्याच वर्तुळातून. व्हर्जिनियात हार्वुड नावाची पायजमे शिवणारी कंपनी होती. तिचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि लेविनचे मित्र. तिथला कोच आणि फ्रेंच यांचा १९४८ चा अभ्यास आजही सहभागी व्यवस्थापनाचा पुरावा म्हणून दिला जातो. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसतं कळवलं त्यांचं उत्पादन घसरलं आणि चाळीस दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांनी बदल ठरवण्यात पूर्ण भाग घेतला ते लवकर सावरले आणि आधीपेक्षा सुमारे १४ टक्के वर गेले. ऐकायला जोरदार. पण नुसतं कळवलेला गट १८ इस्त्रीवाल्यांचा होता आणि पूर्ण सहभागी गट होते ८ आणि ७ तपासनिसांचे. कामच वेगळं, गटाचा आकारही वेगळा! १९६० मध्ये फ्रेंच आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या एका कारखान्यात असाच प्रयोग केला तेव्हा उत्पादनात ठळक फरक आढळला नाही. हा दुसरा अभ्यास पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतो.

इथवरचे अभ्यास त्रोटक असले तरी निदान कुणीतरी कुठेतरी उभं राहून काहीतरी बघत होतं. पुढे बघणं संपलं आणि विचारणं सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहायो स्टेट विद्यापीठात नेत्याच्या वर्तनाची प्रश्नावली तयार झाली. तुमचा साहेब माणसांची काळजी किती घेतो, कामाची घडी किती बसवतो, हे हाताखालच्यांनी सांगायचं. पुढे बर्नार्ड बास यांनी १९८५ मध्ये परिवर्तनकारी आणि व्यवहारी नेतृत्वाची मांडणी केली आणि त्यावर एमएलक्यू ही प्रश्नावली आली. आज ‘शैलींची तुलना’ म्हणजे बहुधा हेच: एमएलक्यू किंवा तिचं मराठी-हिंदी रूप वाटायचं, त्याच फॉर्मच्या दुसऱ्या पानावर समाधान आणि कामगिरीचे प्रश्न घालायचे, आणि दोन पानांमधला सहसंबंध काढायचा.

आता ते सुखद नसलेले प्रयोग. १९७८ मध्ये रॉबर्ट लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका गटाची चित्रफीत दाखवली. फीत तीच, फक्त काहींना सांगितलं की या गटाची कामगिरी उत्तम होती, काहींना सांगितलं की वाईट होती. नंतर नेत्याच्या वर्तनाची प्रश्नावली भरून घेतली. कामगिरी चांगली असं ऐकलेल्यांना त्याच नेत्याचं त्याच फितीतलं वागणं जास्त नेतृत्वाचं दिसलं. त्याआधी, १९७५ मध्ये, बॅरी स्टॉ यांनी विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना एका कंपनीच्या आर्थिक माहितीवरून पुढचे आकडे ओळखायला लावले. मग कोणत्या गटाला ‘छान केलंत’ आणि कोणाला ‘नीट जमलं नाही’ सांगायचं हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं, खऱ्या कामगिरीशी काही संबंध न ठेवता. ज्यांना ‘छान’ ऐकू आलं त्यांनी नंतर लिहिलं की आमच्या गटात एकी होती, संवाद चांगला होता, सगळे मन लावून काम करत होते.

हे जरा थांबून वाचा. निकाल आधी आला, वर्णन नंतर, निकालाला साजेसं. म्हणजे तुमच्या प्रश्नावलीत चांगल्या कंपनीतले कर्मचारी साहेबाला ‘सहभागी’, ‘प्रेरणादायी’ म्हणत असतील तर शैलीमुळे कंपनी चांगली चालली की कंपनी चांगली चालल्यामुळे साहेब प्रेरणादायी दिसला, हे तुमच्या डेटातून कधीच कळणार नाही. सॅम्पल दोनशेचं दोन हजार केलं तरी नाही. आमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटरला ब्लँक लावून शून्य करतात. इथे यंत्रच असं आहे की उत्तर माहीत असेल तर काटा त्या दिशेला झुकतो, आणि ब्लँक लावायची सोय नाही. एसपीएसएसमध्ये क्रोनबॅक अल्फा ०.८७ आला म्हणून हा दोष जात नाही. अल्फा एवढंच सांगतो की सगळे प्रश्न एकाच दिशेला झुकतात. ते तर होणारच.

व्यवसायाच्या जगात हेच मोठ्या पडद्यावर बघायचं असेल तर सिस्को. जॉन चेंबर्स १९९५ ते २०१५ तिचे सीईओ होते. मार्च २००० मध्ये सिस्को काही काळ जगातली सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची कंपनी झाली, आणि चेंबर्स ग्राहकाचं ऐकणारे, शिस्तीने कंपन्या विकत घेणारे, माणसं जपणारे नेते म्हणून गाजले. मग तंत्रज्ञानाचा फुगा फुटला. २००१ च्या एप्रिलपर्यंत शेअर पाव किमतीच्याही खाली आला, आणि तीच नियतकालिकं लिहू लागली की सिस्को ग्राहकांशी बेफिकीर वागते, बेधडक खरेदी करत सुटली होती. सीईओ तेच. फिल रोझेनझ्वाइग यांनी २००७ च्या ‘द हेलो इफेक्ट’ या पुस्तकात हे उदाहरण उलगडून दाखवलंय. वर्षभरात चेंबर्स यांची शैली बदलली असेल का? बदलला होता तो भाव. अशा वृत्तांतांतून ‘केस स्टडी’ लिहिली तर तिची गत काय होईल ते तुम्हीच बघा.

डॅनियल गोलमन यांच्या २००० सालच्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखाबद्दल थोडक्यातच. सहा शैली, ३,८७१ अधिकाऱ्यांचं सॅम्पल, वाचायला मजा येते. पण त्यातल्या चार ‘चांगल्या’ शैलींचा कामाच्या वातावरणाशी सहसंबंध ०.४२ ते ०.५४ यांच्यामध्येच आहे, आणि तो सहसंबंधच आहे. यावरून ‘अमुक शैली सर्वोत्तम’ असा क्रम लावणाऱ्या स्लाइड्स मी इतक्या पाहिल्यात की आता राग येत नाही.

याहून खोल अडचण व्याख्येत आहे. परिवर्तनकारी नेता म्हणजे कोण? जो अनुयायांना प्रेरित करतो, अपेक्षेपेक्षा जास्त काम करायला लावतो. मग गृहीतक काय? परिवर्तनकारी नेतृत्वामुळे अनुयायी प्रेरित होतात. अहो, हे तर व्याख्येतच होतं! पाऊस पडला की जमीन ओली होते का हे तपासायचं, आणि ‘पाऊस’ची व्याख्या करायची ‘जमीन ओली करणारं ते’. डान व्हान क्निपेनबर्ग आणि सिम सिटकिन यांनी २०१३ मध्ये या सगळ्या साहित्याची चिरफाड केली. त्यांचा एक मुख्य आक्षेप हाच आहे, की संकल्पना तिच्या परिणामांपासून वेगळी काढता येत नाही. त्यांच्या शीर्षकातच ‘पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का’ या अर्थाचा प्रश्न आहे. आणि हा आळ फक्त आपल्याकडच्या थिसिसांवर नाही. जॉन अँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये नामांकित जर्नल्समधले ११० पेपर तपासले. कार्यकारणभाव सांगायला ज्या अटी पाळाव्या लागतात त्यांतल्या किमान ६६ टक्के अटी संशोधकांनी हाताळलेल्याच नव्हत्या. त्यामुळे ‘इंटरनॅशनल जर्नलमध्ये असंच करतात’ हे व्हायवात उत्तर म्हणून देऊ नका.

व्यवस्थापनातल्या मैत्रिणीशी यावर वाद घातला तर ती म्हणते, तुम्हा लॅबवाल्यांना सगळं चंचुपात्रात हवं असतं, चालू कंपनीत साहेब बदलून कोण देणार? तिचा मुद्दा खरा आहे. तीन वर्षांत, फेलोशिप वेळेवर येईल न येईल अशा परिस्थितीत, कुणी कारखान्यावर प्रयोग करू शकत नाही. पण प्रयोग अशक्य नाहीत. २००२ मध्ये तलि द्वीर आणि सहकाऱ्यांनी इस्रायली लष्करात ५४ नेत्यांवर प्रयोग केला. काहींना परिवर्तनकारी नेतृत्वाचं प्रशिक्षण, काहींना नेहमीचं, आणि विभागणी यादृच्छिक. मग त्यांच्या हाताखालच्या ९० थेट आणि ७२४ अप्रत्यक्ष अनुयायांकडे काय फरक पडतो ते पाहिलं. अप्रत्यक्ष अनुयायांच्या कामगिरीत फरक दिसला. इथे निकाल आधी ठाऊक नव्हता, आणि कामगिरी साहेबाबद्दलच्या मतातून काढलेली नव्हती. मला हा अभ्यास वीस प्रश्नावली-पेपरांपेक्षा जड वाटतो, तो प्रशिक्षणाबद्दल बोलतो, ‘शैली’बद्दल नाही, हे मान्य करूनही.

आणि प्रयोग नाहीच जमला तरी मधले रस्ते आहेत. ‘नेतृत्वशैलीचा कामगिरीवरील परिणाम’ हा विषय घेऊन बसला असाल तर ‘शैली’ हा शब्द आठवडाभर बाजूला ठेवून बघा. त्याजागी एखादं वागणं घ्या जे मोजता येतं. शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझर दिवसाचं पूर्ण काम सांगतो की एकेक सांगतो? रजा मंजूर करायचा अधिकार कोणाकडे आहे? मशिन बंद पडलं तर ऑपरेटरला विचारल्याशिवाय काय काय करता येतं? याची उत्तरं साहेब आवडतो की नाही यावर बरीच कमी अवलंबून असतात. कामगिरी फॉर्मवर विचारू नका, रजिस्टरमधून घ्या: हजेरी, रिजेक्शन, रिवर्क, सोडून गेलेले लोक. वागण्याची माहिती एकाकडून आणि कामगिरीची दुसरीकडून, मध्ये दोन-चार महिने जाऊ द्या. आणि कंपनीत बदल्या होतातच. सुपरवायझर बदलला तेव्हा त्याच लाइनचं आधीचं आणि नंतरचं रेकॉर्ड मिळालं तर आयोवातल्या क्लबसारखं डिझाइन तुम्हाला फुकटात मिळतं, पाचांऐवजी पन्नास माणसांवर. दोष त्यातही राहतील, कारण बदली उगाच होत नाही, लाइन बिघडली म्हणूनही नवा माणूस पाठवतात. पण तो दोष तुम्हाला दिसतो, त्यावर लिहिता येतं, परीक्षकाशी बोलता येतं.

गाईडना हे पटवणं हा वेगळाच विषय. ‘तयार प्रश्नावली आहे, कशाला खटाटोप’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. तेव्हा सगळं डिझाइन बदलायचा हट्ट न धरता एकच गोष्ट मागून घ्या: एक तरी व्हेरिएबल फॉर्मच्या बाहेरून येऊ दे. एवढी मागणी सहसा कुणी नाकारत नाही.

मला स्वतःला विचाराल तर मी व्हाइट-लिपिटचा तो ७४ आणि २९ चा आकडा घेऊन कामाला लागले असते. साहेब समोर असताना आणि नसताना. यासाठी कुणाला खोलीबाहेर पाठवायची गरज नाही. प्रत्येक सुपरवायझर वर्षातून दहा-पंधरा दिवस रजेवर जातो, गावच्या जत्रेला, घरच्या लग्नाला. त्या दिवसांचं उत्पादनाचं रजिस्टर बऱ्याच कारखान्यांत पडून असतं, आणि रजेचा अर्ज एचआरच्या फाइलमध्ये.